सदाफुलीताईंचे पाकीट: छंदाच्या ऑनलाइन गटात सभासदांची खरी नावे कशी जपावीत

गच्चीवर आणि बाल्कनीत बाग करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटाचे संयोजन मी काही वर्षांपासून करतो आहे. या गटात दर पावसाळ्याच्या तोंडावर बियांची देवाणघेवाण होते. कोणाकडे पांढऱ्या गोकर्णीच्या शेंगा वाळून तयार असतात, कोणाकडे घोसाळ्याचे बी असते, तर कोणी गावाकडच्या वालाच्या शोधात असतो. अशाच एका हंगामात ‘सदाफुली’ या नावाने वावरणाऱ्या ताईंनी एका नव्या सभासदाला टपालाने बिया पाठवल्या. पाकीट हाती पडताच त्या गृहस्थांनी मोठ्या आनंदाने त्याचा फोटो गटावर टाकला आणि खाली लिहिले, ‘सदाफुलीताई, बिया पोचल्या, मनापासून आभार!’ पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने, अगदी सुवाच्य अक्षरांत, ताईंचे संपूर्ण नाव, इमारतीचे नाव, सदनिकेचा क्रमांक, पिनकोड आणि मोबाइल नंबर लिहिलेला होता. ताई कामावर होत्या, मी प्रवासात होतो, आणि फोटो चाळीस मिनिटे तसाच राहिला. पुढच्या रविवारी सकाळी गटातील एक सभासद कापडी पिशवी घेऊन थेट ताईंच्या दारात हजर झाले. त्यांना मोगऱ्याची एक फांदी हवी होती, एवढेच.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता आणि खरी अडचण नेमकी तीच आहे. कोणी मुद्दाम नाव उघड केले, तर त्याला गटातून काढता येते. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा नाव फुटते ते आपुलकीमुळे आणि सोयीमुळे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, पैसे भरल्याचा पुरावा, सहलीची यादी, आभाराचा फोटो, यांतून ते बाहेर पडते. म्हणून ‘एकमेकांची नावे उघड करू नका’ एवढा नियम लिहून भागत नाही. जिथे नावाची गरजच नाही तिथे ते मुळात पोचणार नाही, अशी कामाची पद्धत संयोजकाला बसवावी लागते.

तीन पदरी नाव

मराठी माणसाचे पूर्ण नाव हे प्रत्यक्षात एकाच माणसाचे नाव नसते. मधल्या नावात वडील किंवा पती असतात आणि आडनावात घराणे असते. त्या आडनावावरून ऐकणारा लगेच जात आणि मूळ गाव यांचा अंदाज बांधू लागतो, तो चुकीचा असला तरी बांधतो. कमी आढळणारे एखादे ‘कर’ असलेले आडनाव आणि तालुक्याचे नाव एवढ्यावरून छोट्या गावात घर सापडते. पत्ता विचारावाही लागत नाही. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. कागदोपत्री असलेले नाव आणि आज वापरात असलेले नाव वेगळे असू शकते, आणि त्यामागचा कौटुंबिक इतिहास कुंड्यांच्या गटात चर्चेला यावा असे कोणाला वाटणार?

टोपणनाव घेणाऱ्या सभासदाला त्यामागचे कारण विचारू नये. एखादी शिक्षिका विद्यार्थ्यांच्या पालकांपासून थोडी मोकळीक शोधत असते. एखादा कर्मचारी भर दुपारी मिलीबग या झाडांवरच्या किडीवर सल्ले देत असतो आणि ते साहेबांना कळू नये असे त्याला वाटते. एखाद्या स्त्रीला पूर्वी कोणीतरी त्रास दिलेला असतो. ही तिन्ही कारणे सारख्याच मानाची आहेत. ज्या भाषेत गडकऱ्यांनी कवितेसाठी गोविंदाग्रज आणि विनोदासाठी बाळकराम अशी दोन नावे घेतली, त्या भाषेतल्या संयोजकाने टोपणनाव पाहून कपाळाला आठ्या पाडणे शोभत नाही.

तरीही ‘खरे नाव सक्तीचे केले की माणसे नीट वागतात’ हा युक्तिवाद प्रत्येक गटात वर्षातून एकदा तरी होतो. त्याला उत्तर म्हणून दक्षिण कोरियाचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यापूर्वी खरी ओळख पटवणे कायद्याने बंधनकारक होते. 2011 मध्ये तेथील एका मोठ्या समाजमाध्यम सेवेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे 3.5 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2012 मध्ये, तेथील घटना न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. गूगल प्लस या गूगलच्या, आता बंद झालेल्या समाजमाध्यमाने 2011 मध्ये आरंभापासून खऱ्या नावाचा आग्रह धरला होता, तोही 2014 मध्ये सोडून दिला. गटात शिस्त हवी असेल, तर एका माणसाने एकच टोपणनाव सातत्याने वापरावे असा नियम करावा. वर्षानुवर्षे एकाच टोपणनावाने दिलेल्या सल्ल्यांतून जी पत तयार होते, ती घालवायला कोणीही सहजासहजी धजत नाही.

गट कोठे चालतो, यावर पहिला निर्णय

साध्या व्हॉट्सॲप गटात सभासदाचा मोबाइल नंबर इतर सभासदांना दिसतो. त्याने स्वतःचे नाव ‘सदाफुली’ ठेवले असेल, तर ज्यांनी तो नंबर साठवलेला नाही त्यांना ‘~सदाफुली’ असे दिसते; त्यामुळे आपली ओळख झाकलेली आहे असा त्याचा समज होतो. तो समज फसवा आहे. तोच नंबर पैसे पाठवण्यासाठी कोणत्याही यूपीआय ॲपमध्ये टाकला, तर एक रुपयाही न पाठवता, त्याला जोडलेल्या बँक खात्यावरचे नाव समोर येते. ट्रूकॉलरवर आणखी एखादे नाव निघते, आणि तेही बहुधा दुसऱ्या कोणीतरी आपल्या फोनमध्ये साठवलेले असते. म्हणजे आपल्याकडे मोबाइल नंबर उघड होणे आणि नाव उघड होणे या दोन वेगळ्या घटना राहिलेल्या नाहीत.

यावर तीन मार्ग आहेत. ज्या गटात केवळ सूचना द्यायच्या असतात, त्याने व्हॉट्सॲपच्या ‘कम्युनिटी’तील घोषणा गट वापरावा, कारण तेथे सर्वसामान्य सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त ॲडमिनला दिसतात. जेथे गप्पा आणि प्रश्नोत्तरे होतात, त्या गटासाठी टेलिग्राम अधिक सोयीचे आहे. मात्र तेथे प्रत्येक सभासदाला गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन फोन नंबर ‘कोणालाही नाही’ असा ठेवावा लागतो, आणि त्याच पानावर खाली असलेली, नंबरावरून आपल्याला कोण शोधू शकेल याची निवड ‘माझे संपर्क’ अशी करावी लागते. ही दुसरी निवड बहुतेक जण विसरतात. सिग्नलवर 2024 पासून वापरकर्तानाव घेता येते आणि नंबर आपोआप झाकलेला राहतो. पण आमच्या गटातील निम्म्या काकू-काकांना नवे ॲप घ्यायला लावणे मला जमलेले नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. तुमचा गट व्हॉट्सॲपवरच राहणार असेल, तर प्रवेशाच्या वेळीच सभासदाला स्पष्ट सांगावे: ‘तुमचा नंबर सर्वांना दिसेल आणि नंबरावरून तुमचे नाव काढता येते. हे मान्य नसेल, तर वेगळ्या नंबराने या.’ घरात जुना फोन आणि दुसरे सिमकार्ड असणारे बरेच जण हा पर्याय आनंदाने घेतात.

स्क्रीनशॉटबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ही फट चटकन लक्षात येत नाही. समजा, तुम्ही सदाफुलीताईंच्या शेजारी राहता आणि तुमच्या फोनमध्ये त्यांचा नंबर पूर्ण नाव, कंसात त्यांची बँक आणि शाखा अशा थाटात साठवलेला आहे. त्यांनी गटात लिहिलेल्या कंपोस्टच्या कृतीचा स्क्रीनशॉट तुम्ही दुसऱ्या गटात टाकलात, तर तेथे ‘सदाफुली’ दिसत नाही. तुमच्या फोनमधले नाव दिसते. संपूर्ण संभाषण निर्यात केले, तरी त्या फाइलमध्ये तुमच्याकडे साठवलेलीच नावे उतरतात. म्हणून आमच्या गटात असा नियम आहे की, कोणाचा मजकूर बाहेर न्यायचा असेल, तर त्यांची परवानगी घेऊन फक्त मजकूर उतरवून घ्यावा आणि खाली टोपणनाव लिहावे. शिवाय ओळखीच्या सभासदाचा नंबर आपल्या फोनमध्ये टोपणनावानेच साठवावा अशी विनंतीही मी करतो. ती किती जण पाळतात हे मला तपासता येत नाही, पण निदान विनंतीमागचे कारण आता सर्वांना माहीत आहे.

बिया, रोपे आणि पाकिटावरचा कोपरा

वस्तूंची देवाणघेवाण करणाऱ्या सर्वच छंदांत, मग ती पोस्टाची तिकिटे असोत, जुनी पुस्तके असोत किंवा विणकामाची लोकर असो, नाव फुटण्याची सर्वांत मोठी जागा पाकीट हीच असते. स्पीड पोस्टाने पाठवायचे झाले, तर पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. कुरिअरवाले मोबाइल नंबरही मागतात. साधे टपाल पाठवणाऱ्याच्या पत्त्याविनाही पोचते, मात्र पोचले नाही तर परत येण्याची सोय राहत नाही, आणि जपून वाळवलेले बी असे हरवले की फार वाईट वाटते.

त्या प्रसंगानंतर आम्ही ‘बीपेटी’ सुरू केली. ज्यांना स्वतःचा पत्ता उघड होण्याची अडचण वाटत नाही अशा एका सभासदाने, म्हणजे सध्या एका निवृत्त काकांनी, ही जबाबदारी घेतली आहे. सर्व जण बिया त्यांच्याकडे पाठवतात. आतल्या छोट्या पुडीवर फक्त टोपणनाव, वाणाचे नाव आणि बी धरल्याचा महिना असतो. काका बाहेरचे पाकीट काढून टाकतात आणि पुड्या मागणीप्रमाणे नव्या पाकिटात भरून, पाठवणारा म्हणून स्वतःचा पत्ता घालून, पुढे रवाना करतात. देणाऱ्याला घेणाऱ्याचा पत्ता कळत नाही आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचा. टपालखर्च दुप्पट होतो आणि बी पोचायला आठ-दहा दिवस जास्त लागतात. म्हणून काही सभासदांनी सुरुवातीला कुरकुर केली, आणि ज्यांची एकमेकांशी जुनी ओळख आहे ते आजही परस्पर पाठवतात. त्याला आमची हरकत नाही. सक्ती एवढीच आहे की, आभाराचा फोटो काढताना आतल्या पुडीचा काढावा, बाहेरच्या पाकिटाचा नाही. काकांकडचे पत्ते एका वहीत असतात. हंगाम संपला की ती पाने ते फाडतात आणि, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, खतात घालतात.

रोपे मात्र टपालाने नीट जात नाहीत. ती प्रत्यक्ष द्यायची असतील, तर एखाद्या सार्वजनिक उद्यानाच्या दाराशी किंवा कट्ट्याच्या, म्हणजे गटाच्या वार्षिक भेटीच्या, दिवशी द्यावीत. घरी बोलावू नये, आणि कोणी बोलावले म्हणून लगेच जाऊही नये.

फोटोच्या कडेला

बागेचा फोटो पाहणारा जास्वंदीकडे पाहतो, पण फोटोत जास्वंदीखेरीजही बरेच काही असते. दारातल्या तुळशीमागे नावाची पाटी असते, गच्चीवरच्या टाकीवर सोसायटीचे नाव रंगवलेले असते, बाल्कनीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते, आणि खाली उभ्या गाडीचा क्रमांक दिसतो. कुंडीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर मी एकदा चक्क विजेचे बिल पाहिले आहे, ग्राहकाच्या नावासकट. फोटो टाकण्यापूर्वी चारही कडा एकदा पाहाव्यात आणि कातराव्यात, ही सवय सभासदांना लावणे हे संयोजकाचे चिकाटीचे काम आहे. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर त्यात लपलेली स्थाननोंद निघून जाते. तोच फोटो स्पष्ट दिसावा म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर ती नोंद तशीच राहते आणि तुमची गच्ची नकाशावर काही मीटरच्या अंतरात दाखवता येते. पानावरचा रोग ओळखण्यासाठी मोठा फोटो हवा असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थाननोंद बंद करून नव्याने फोटो काढावा.

कट्टा, वर्गणी आणि सहल

वार्षिक कट्ट्याला छातीवर लावायच्या चिठ्ठ्या टोपणनावाच्याच असाव्यात आणि त्या संयोजकांनी आधीच लिहून ठेवाव्यात. कोरी चिठ्ठी आणि पेन हातात दिले की माणूस सवयीने आपले पूर्ण नाव लिहितो. सामूहिक फोटो दोन काढावेत: एक सर्वांचा, जो कोठेही टाकायचा नाही, आणि दुसरा फक्त इच्छुकांचा. पहिला फोटो संयोजकाच्या फोनमध्ये राहतो आणि मागेल त्याला छापून दिला जातो. हे जुन्या वळणाचे वाटेल, पण चालते.

वर्गणी यूपीआयने गोळा केली की, घेणाऱ्याला देणाऱ्याचे खरे नाव कळणारच. ते टाळता येत नाही. टाळता येते ते पुढचे. आपल्याकडे पैसे भरले की ‘पेड’ असे लिहून व्यवहाराचा स्क्रीनशॉट सर्वांसमोर गटावर टाकण्याची पद्धत पडली आहे. त्या एका चित्रात बँकेतील नाव, यूपीआय आयडी, बँकेचे नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे इतके सर्व असते. स्क्रीनशॉट फक्त खजिनदाराला खासगीत पाठवावा आणि खजिनदाराने गटावर ‘गोकर्ण, पारिजात, निवडुंग यांची वर्गणी मिळाली’ असे टोपणनावांनी जाहीर करावे. खजिनदार होणाऱ्याचे स्वतःचे नाव सर्वांना दिसणार असल्याने, हे पद देण्यापूर्वी त्याला तशी कल्पना द्यावी. ज्याला यूपीआय नको, त्याच्याकडून कट्ट्याच्या दिवशी रोख घ्यावी आणि कारण विचारू नये.

सहलीची गोष्ट वेगळी आहे. रोपवाटिका किंवा शेत पाहायला बसने जायचे असेल, तर अपघाताच्या वेळी घरच्यांना कळवण्यापुरती खरी माहिती कोणाकडे तरी असायलाच हवी. येथे टोपणनावाचा हट्ट धरणे बेजबाबदारपणाचे ठरेल. आम्ही प्रत्येकाकडून एक बंद लिफाफा घेतो. बाहेर टोपणनाव, आत खरे नाव, घरच्या एका व्यक्तीचा नंबर आणि औषधांची माहिती. काही घडले तर लिफाफा उघडायचा, नाही तर संध्याकाळी उतरताना तो ज्याचा त्याला परत द्यायचा. आजवर एकदाच उघडावा लागला, एका आजोबांना उन्हामुळे चक्कर आली तेव्हा.

नोंदणीसाठी गूगल फॉर्म वापरणार असाल, तर दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. उत्तरांचा गोषवारा उत्तर देणाऱ्यांना दाखवण्याची निवड बंद असावी. ती चालू राहिली, तर आपले उत्तर भरणाऱ्या प्रत्येकाला इतरांची उत्तरेही वाचता येतात. आणि उत्तरांच्या तक्त्याची लिंक ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी कधीही करू नये. दोन संयोजकांना त्यांच्या खात्यांवर थेट परवानगी द्यावी. मुळात टोपणनाव, जिल्हा आणि जेवण हवे की नको, याखेरीज कट्ट्याच्या फॉर्ममध्ये काहीही विचारायची गरज नसते. जन्मतारीख तर मुळीच नको, कारण तीच पुढे वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या रूपाने गटावर अवतरते.

नाव फुटलेच तर

पहिली पाच मिनिटे महत्त्वाची असतात. संयोजकाने आधी संदेश सर्वांसाठी काढून टाकावा, मग ज्याचे नाव उघड झाले त्या सभासदाला खासगीत कळवावे, आणि त्यानंतरच गटावर लिहावे. मात्र प्रकार हेतुपुरस्सर वाटला, तर काढण्यापूर्वी वेळ आणि पाठवणारा दिसेल असा स्क्रीनशॉट स्वतःपुरता घेऊन ठेवावा. गटावर लिहिताना फुटलेली माहिती पुन्हा उच्चारू नये. हे सांगायची गरज नाही असे वाटेल. पण ‘अमुक ताईंचे नाव व पत्ता कोणी पुढे पाठवू नये’ असा संदेश, त्यात नावासकट, लिहिणारे संयोजक मी पाहिले आहेत. आमचा ठरलेला मजकूर असा आहे: ‘आज दुपारी गटावर आलेला एक फोटो नियमात बसत नसल्याने काढला आहे. कोणाच्या फोनमध्ये तो उतरला असल्यास कृपया गॅलरीतूनही काढावा. त्याविषयी येथे चर्चा नको. शंका असल्यास मला खासगीत विचारावे.’ ज्याच्या हातून चूक झाली त्याला सर्वांसमोर बोल लावू नयेत. तो आधीच ओशाळलेला असतो, आणि त्याला झापले की पुढचा माणूस चूक लपवू लागतो.

मजकूर उघड्या संकेतस्थळावर असेल, तर तो तेथून काढल्यानंतरही गूगलच्या शोधात जुना उतारा काही काळ दिसत राहतो. असा कालबाह्य उतारा काढण्याची विनंती गूगलकडे करता येते. नावाचा वापर करून कोणी पैशाची फसवणूक केली, तर 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवावे. एखाद्या स्त्रीने नकार देऊनही कोणी पुरुष वारंवार तिच्याशी संपर्क साधत राहिला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, आणि तेथे गटाच्या नियमावर न थांबता पोलिसांकडेच जावे. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला हे खरे. परंतु 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा एखाद्या व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. त्यामुळे हौसेपोटी टाकलेल्या आभाराच्या फोटोवर हा कायदा धावून येईल असे समजू नये. गटाने आपले नियम आपणच लिहून ठेवावेत.

नाव फुटलेल्या सभासदाला नव्याने सुरुवात करायची असेल, तर टोपणनाव तेथल्या तेथे बदलून उपयोग होत नाही, कारण सर्वांच्या डोळ्यांदेखत सदाफुलीची अबोली होते. त्याने निरोप न घेता गट सोडावा, महिना-दीड महिना जाऊ द्यावा आणि वेगळ्या नंबराने, नव्या नावाने, नव्या सभासदासारखे यावे. परत आल्यावर पहिले काही आठवडे आपल्या खास विषयावर, मग तो जिवामृत या घरगुती द्रवखताचा का असेना, बोलणे टाळावे. माणूस ओळखू येतो तो त्याच्या आवडीच्या विषयावरून आणि लिहिण्याच्या लकबीवरून. आमच्या ताई अशाच परत आल्या. त्यांचे नवे नाव फक्त आम्हा दोघा संयोजकांना माहीत आहे, आणि ‘सदाफुली’ हे त्यांचे जुने नावही नव्हते. ते मी या लेखापुरते घेतले आहे.